दिवसाचे पाणी

नळ भर दुपारी आला. धाराशिवच्या त्या गल्लीतल्या नळाला पहाटेखेरीज दुसरी वेळ ठाऊक नव्हती. आठवडाभर तो मुका असे आणि मग एखाद्या दिवशी, अंधार अजून भिंतींना चिकटलेला असताना, आधी घोरल्यासारखा आणि मग खोकल्यासारखा आवाज करून गल्लीला उठवी. बाया अर्ध्या झोपेत घागरी घेऊन बाहेर येत आणि कोणी कोणाचे तोंड न पाहता पाणी भरून होई. त्यामुळे वरच्या खोलीत संगणकासमोर बसलेल्या विरेशच्या कानांवर तो आवाज पडला, तेव्हा त्याच्या शरीराने आधी पहाटच झाल्याचे मानले. पाठीवरून गार शिरशिरी गेली, पापण्या जड झाल्या, आणि खिडकीतले पांढरे ऊन त्याला क्षणभर खोटे वाटले.

खालून चंद्रप्रभाकाकूंची हाक आली. त्या घरमालकीण. शाळेतून निवृत्त होऊन वर्षे लोटली तरी त्यांचा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचत असे.

"विरेश, अरे नळ आलाय! आधी खाली ये! भर दुपारचा आलाय मेला, वाट चुकल्यागत!"

समोरच्या ओट्यावरून महालिंगप्पा म्हणाले, "काकू, उन्हानं तापलेलंच आलं असंल. गॅस कशाला पेटवता, सरळ पत्ती टाका की."

"पत्ती तुम्ही आणा, साखरही तुम्हीच आणा. मग बघते."

विरेश जिना उतरून खाली आला आणि त्याने आपली बादली नळाखाली लावली. पाणी उन्हात पडत होते. एवढेच घडत होते. पण ते घडताना पाहिल्याची आठवण त्याला सापडेना. ऐकल्याच्या आठवणी होत्या, स्पर्शाच्या होत्या, अंधारात बोट बुडवून बादली कुठवर भरली हे अजमावल्याच्या होत्या. पाण्याला रंग असतो, आणि तो हलताना आपल्या अंगचा थोडा उजेड आसपास फेकतो, हे मात्र तो जणू आज शिकत होता. पडवीच्या छतावर एक कवडसा उठला होता. तो थरथरे, फुटे, पुन्हा सांधला जाई. विरेश मान वर करून त्याच्याकडे पाहत राहिला आणि भरलेल्या बादलीतले पाणी त्याच्या पायांवर आले.

"पाय धुऊन झाले असतील तर बादली काढ," काकू म्हणाल्या. "कुठं असतोस रे तू? त्या बेटावर?"

तो ओशाळून हसला आणि बादली घेऊन वर गेला. काहीतरी चुकले होते. काय, ते त्याला सांगता आले नसते. दाराला कुलूप घातले की नाही असे अर्ध्या वाटेत मनात येते आणि मग चालणेच बिघडते, तशी ती जाणीव होती. ओल्या पावलांचे ठसे फरशीवर एकेक करून वाळत होते. पडद्यावर बेट त्याची वाट पाहत होते.

गेले वर्षभर तो त्या बेटासाठी विजेचा आराखडा मांडत होता. काम पुण्याच्या एका लहानशा कंपनीचे. पण घरून केले तरी चालते असे ठरल्यापासून तो धाराशिवला येऊन राहिला होता. पुण्यातल्या कचेरीत जेवणाच्या सुटीत काय बोलावे हे त्याला कधी उमगले नव्हते, आणि लोहाऱ्याजवळच्या त्याच्या गावी इंटरनेट वाऱ्यासारखे येई आणि जाई. बेट मुख्य भूमीपासून इतके दूर होते, की तिथवर तार नेणे कोणाच्या मनातही येऊ शकत नव्हते. ऊन, वारा आणि त्या दोघांना साठवून ठेवणारी बॅटरी, एवढ्यावर तिथल्या वस्तीचे भागवायचे होते. समुद्र त्याने अजून पाहिला नव्हता. पण त्या बेटावर कोणत्या महिन्यात किती ऊन पडते, वारा कोणत्या प्रहरी मंदावतो, ढग किती दिवस मुक्काम ठोकतात, हे त्याला स्वतःच्या नाडीसारखे ठाऊक होते. गावात त्याच्या आईने, मथुराबाईंनी, पोरगा बेटावर लाईट बसवतोय असे सांगितले, तेव्हा बेट म्हणजे बांबूंचे एवढेच ठाऊक असलेल्या शेजारणीने विचारले होते, "कळकाच्या बेटात लाईट कशाला बाई? साप दिसावं म्हणून का?" आणि आप्पांनी, त्याच्या वडिलांनी, सगळे नीट ऐकून घेऊन एकच शंका काढली होती: "एवढी मोठी बॅटरी? हातात कशी मावंल?" आप्पांच्या लेखी बॅटरी म्हणजे अंधारात हातात धरायची ती. दुसरी बॅटरी त्यांनी पाहिली नव्हती.

तीच मोठी बॅटरी आराखड्याच्या आड आली होती. बेटाला एकच धक्का होता, लाकडी आणि म्हातारा, आणि त्यावर ठरावीक वजनाहून जड काही उतरवणे शक्य नव्हते. तेवढ्या वजनाची बॅटरी सगळ्या वस्तीला रात्रभर पुरत नव्हती. म्हणून विरेशने एक क्रम ठरवला होता: साठा उतरू लागला की आधी कोणाची वीज तोडायची. दवाखाना शेवटी, शाळा त्याच्या आधी, मुख्य वस्ती त्याच्या आधी, आणि सगळ्यांत आधी उत्तरेच्या टोकाची घरांची ओळ. नकाशावर ती ओळ तांबडी होती. मध्यरात्र उलटली की तिथला उजेड रोज जाणार होता. रोजच जाणार म्हटल्यावर त्याला आणीबाणी म्हणण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळी हा आराखडा ग्राहकापुढे ठेवायचा होता, आणि त्यानंतर त्यात बदल नव्हता.

त्या ओळीतल्या शेवटच्या घराचे छायाचित्र पाहणीच्या फायलीत होते. बाकीच्या बेटावर डिझेलचे जनित्र संध्याकाळपुरता उजेड देई. उत्तरेला तोही कधी गेला नव्हता. पण त्या घराच्या आढ्याला कोणीतरी होल्डर ठोकून ठेवला होता आणि त्यात बल्बही बसवला होता. वायर नव्हती. पाहुणा यायचा म्हणून अंगणात आधीच खाट टाकून ठेवावी, तसा तो बल्ब तिथे होता, आणि बल्बवरची धूळ कोणीतरी नियमाने पुसत असावे, कारण त्यात खिडकीचे लहानसे प्रतिबिंब दिसत होते. ते चित्र विरेश फार वेळ उघडे ठेवत नसे.

आताही त्याने ते उघडले आणि मिटले. मग चोवीस तासांचा आलेख उघडला. तो त्याला पाठ होता. दुपारी उन्हाची टेकडी, इतकी उंच की तिचा माथा वाया जात होता. आणि उत्तररात्री, त्या टेकडीपासून पार दूर, मागणीचा एक काळा ठोकळा. तो ठोकळा पाण्याचा होता. खाऱ्या पाण्याचे गोडे करणारे यंत्र आणि ते टाकीत चढवणारे पंप. जनित्राच्या काळात ते संध्याकाळी चालत. विरेशने ते उचलून उत्तररात्री ठेवले होते आणि बाजूला कारणही लिहिले होते: या काळात इतर मागणी कमी असल्याने भार समतोल राहतो. वाक्य नेटके होते. देवश्री मॅडमनी ते वाचले होते, त्यांच्या वरच्यांनी वाचले होते, आणि कोणाला त्यात वावगे दिसले नव्हते.

बाहेर नळ अजून वाहत होता. पाणी दिवसा येत होते. विरेशचा हात टेबलावरच थांबला.

पाणी रात्री का?

प्रश्न इतका साधा होता की त्याला त्याची भीती वाटली. ऊन दुपारी होते, टाकी दुपारी भरू शकत होती, पाण्याला दिवस काय आणि रात्र काय; टाकीत साठलेले पाणी हीच एक बॅटरी होती, आणि ती धक्क्यावर उतरवावी लागणार नव्हती. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दिसले असते. त्याला का दिसले नाही? त्याने आठवून पाहिले, की पंपांसाठी रात्र निवडताना आपण कोणते गणित केले होते. गणित केलेच नव्हते. पंप म्हटल्यावर हात आपोआप आलेखाच्या डाव्या टोकाकडे, मध्यरात्रीनंतरच्या तासांकडे गेला होता. कारण मागाहून सुचले होते.

पंप रात्रीच चालतात. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. ते त्याच्या रक्तात उतरले होते. शेतातल्या मोटारीला लाईट रात्री येई. त्या वेळी आप्पा उठत, कोनाड्यातली बॅटरी उचलत, खांद्यावर घोंगडी टाकत आणि दाराची कडी अशा हलक्या हाताने काढत, की तिचा आवाज न होणे हाच तिचा आवाज होऊन बसला होता. मग दारे धरायची. एक सरी भरली की मातीने तिचे तोंड बुजवायचे आणि पाणी दुसरीत वळवायचे, दुसरी भरली की तिसरीत, हातातल्या उजेडाचा गोल पायांपुढे सरकवत, उजाडेपर्यंत. सकाळी विरेश शाळेत जाई तेव्हा ते आलेले नसत, आणि तो परते तेव्हा निजलेले असत. त्याला लहानपणी ठाऊक असलेला वडिलांचा चेहरा हा झोपलेला चेहरा होता: किंचित उघडे तोंड, टाचांच्या भेगांत वाळलेली माती, आणि कपाळावर एक आठी, जी झोपेतही सुटत नसे. "हळू, आप्पा निजलेत," हे आईचे शब्द त्या घरात इतक्या वेळा उच्चारले गेले होते, की ते भिंतींच्या पोपड्यांतून आपोआप ऐकू येत. तो हळू चालायला शिकला, भांडे न वाजवता पाणी प्यायला शिकला, धडा ओठांतल्या ओठांत वाचायला शिकला. गुरुजी म्हणत, पोरगा गुणी आहे, पण तोंड उघडत नाही. ते तोंड पुढे उघडायचे राहूनच गेले. भर दुपारी मोठ्याने बोलणाऱ्या माणसांमध्ये त्याला अजूनही वाटे, की शेजारच्या खोलीत कोणीतरी निजले आहे.

त्याने गावी फोन लावला. पलीकडे वाऱ्याचा आवाज होता.

"आप्पा, एक विचारायचं होतं. तुम्ही पाणी रात्रीच का देत होता?"

"काय?"

"पाणी. रात्रीच का द्यायचात?"

आप्पा हसले. "येडा का खुळा तू? लाईट रातची व्हती म्हणून. आमी कुठं ठरवलं?"

"पण तुम्ही म्हणायचात, रातचं पाणी पिकाला मानवतं. दिवसा दिलं की अर्धं ऊन पितं."

आप्पा म्हणाले, "म्हणायचो की. म्हणावंच लागतंय. न्हाय तर पांघरुणातनं उठवत न्हाय, बाबा."

मग त्यांनी विचारले, "जेवलास का?" तो हो म्हणाला, जेवला नव्हता. "आता तर दिवसाची येतीय लाईट," आप्पा सांगू लागले. "आमचा फिडर, शेताची समदी लाईन, सोलरवर गेलाय न्हवं का. समदे खूश हायत. पर मला मेल्याला रातची झोपच येत न्हाय. कान मोटारीकडं. उठतो आन् वसरीत बसतो. तुझी आय लई बोलती."

फोन ठेवल्यावर त्याने ते वाक्य पुन्हा पाहिले. या काळात इतर मागणी कमी असल्याने भार समतोल राहतो. पांघरुणातून उठण्यासाठी आप्पांनी रचलेले आणि हे, अशी दोन वाक्ये त्याच्यासमोर शेजारी शेजारी उभी होती, आणि त्यांचा चेहरा एक होता. फरक एवढाच, की आप्पांनी आपल्या वाक्याची किंमत स्वतः मोजली होती. विरेशच्या वाक्याची किंमत एका घरातला पुसून ठेवलेला बल्ब मोजणार होता.

देवश्री मॅडमचा नंबर लावण्याआधी तो खोलीत दोनदा फिरला. त्या पुण्याला असत, गटाच्या प्रमुख होत्या, आणि वाईट नव्हत्या. पण त्यांच्याशी बोलताना तो नेहमी अर्धे वाक्य गिळत असे. आज ते गिळून चालणार नव्हते. आणि रेटून बोलणे ही गोष्ट त्याने आयुष्यात केली नव्हती.

"मॅडम, आराखडा बदलावा लागेल."

"आज?" त्या म्हणाल्या. "विरेश, मी आत्ता त्याचीच शेवटची पानं बांधतेय. काय बदलायचंय?"

"पंप. ते दिवसा चालले पाहिजेत. दुपारी. वाया जाणाऱ्या उन्हावर. मग रात्रीचा साठा मोकळा होतो आणि उत्तरेची ओळ तोडावी लागत नाही."

पलीकडे कळफलकाचा आवाज आला आणि थांबला. "टाकी पुरेल?"

"थोडी वाढवावी लागेल. टाकी तिथंच बांधता येते. धक्क्यावरून काही न्यावं लागत नाही."

"हे खरं असेल, तर आपण वर्षभर काय करत होतो?" त्यांचा आवाज चढला नाही, सपाट झाला, ते अधिक कठीण होते. "रात्रीचं तूच सुचवलं होतंस. का सुचवलंस?"

"सवय," तो म्हणाला.

"कसली सवय? कोणाची?"

"आमच्याकडची." शब्द त्याला अपेक्षेपेक्षा मोठ्याने फुटला. खाली काकूंनी मान वर केली असावी. "मॅडम, आमच्याकडं मोटार रात्री चालते. चालायची. मला दुसरं सुचलंच नाही."

देवश्री मॅडम म्हणाल्या, "वरचे चिडतील. टाकीचं सगळं पुन्हा मांडावं लागेल. उत्तरेचा भाग दुसऱ्या टप्प्यात घेऊ, आज आहे तेच दाखवू, असं म्हटलं तर?"

दुसरा टप्पा. त्याला ते शब्द गावातून ठाऊक होते. तारेच्या शेवटी असणाऱ्या घरांना दुसरा टप्पा फार लहानपणीच कळतो.

"नको," तो म्हणाला. "दुसरा टप्पा येत नसतो, मॅडम."

स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. पलीकडून एक उसासा आला. "बरं. नीट चालवून बघ आणि संध्याकाळच्या आत पाठव. चुकलं तर मात्र जुनाच जाईल."

त्याने काळा ठोकळा उचलला आणि उन्हाच्या टेकडीखाली ठेवला. यंत्राला हिशेब करायला वेळ लागला. तेवढ्यात काकू जिना चढून आल्या, टेबलावर पोह्यांची बशी ठेवली, "भांडण झालं का रे कोणाशी? झालं असेल तर बरं झालं," एवढे बोलून गेल्या. मग पडद्यावर नकाशा उमटला. उत्तरेची ओळ तांबडी नव्हती. विरेशने ढगाळ आठवडा घालून पाहिला, वारा पडलेला महिना घालून पाहिला. सलग ढग राहिले, तर सगळ्या बेटालाच थोडे थोडे सोसावे लागत होते. एकट्या उत्तरेला नाही. त्याने सगळे पाठवून दिले. रात्री उशिरा मॅडमचा निरोप आला: उत्तरेची ओळ वाचली. खूप ऐकून घ्यावं लागलं. झोप आता.

आनंद व्हायला हवा होता. झालाही, थोडासा, पोह्यांवरच्या खोबऱ्याएवढा. पण त्याच्याखाली काहीतरी थंड पसरत होते. किती सोपे होते ते. एक ठोकळा उचलून दुसरीकडे ठेवायचा, बस्स. मग त्या दुसऱ्या आलेखावर, ज्यात आप्पा होते, लोहाऱ्याच्या परिसरातली सगळी माणसे होती, तिथे तो ठोकळा रात्रीत कोणी ठेवला होता? विरेशला नेहमी वाटत आले होते, की त्यामागे कोणी निष्ठुर माणूस असणार. आता त्याला एक खोली दिसली, खोलीत त्याच्यासारखाच कोणी हलक्या पावलांचा, गुणी मुलगा. त्यानेही कधी तरी तो रात्रीत ठेवला असेल, बाजूला नेटके कारण लिहिले असेल, आणि ते वाचून कोणाला वावगे वाटले नसेल. त्याला समुद्र पाहायला मिळाला नसेल, किंवा शेत. रागवायला माणूस उरला नाही, याचेच विरेशला फार एकटे वाटले.

रविवारी तो एसटीने लोहाऱ्याला आणि तिथून जीपने गावी गेला. आई म्हणाली, "ते रानात हायत. भाकर बांधून देते, तूच घिऊन जा." हरभऱ्याला पाणी चालले होते. माथ्यावर ऊन होते आणि त्या उन्हात सरीतून सरकणारे पाणी इतके लखलखत होते, की त्याकडे सरळ पाहवत नव्हते. त्याच्या पुढे, हातभर अंतरावर, आप्पा उभे होते. गुडघ्यापर्यंत दुमडलेले धोतर, हातात खोरे, डोळे किलकिले. वडील जागे असताना, उभे असताना, उजेडात, काम करताना: विरेश बांधावर थांबून त्यांना पाहत राहिला. ते त्याला वाटत होते त्यापेक्षा बुटके होते आणि फार सफाईने हलत होते. पाण्याचा कवडसा त्यांच्या हनुवटीखाली नाचत होता. कपाळावरची आठी तिथे नव्हती. की उन्हाने पुसली गेली होती, कोण जाणे.

"कवा आलास?" त्यांनी त्याला पाहिले. "बघ की, लई चकाकतंय. डोळं दिपत्यात. एवढी वर्सं पाणी दिलं, पर ह्ये असं दिसतंय म्हाईतच नव्हतं."

बोलता बोलता सरी भरत आली. आप्पा सरीच्या दाराशी वाकले, डाव्या हाताने कमरेची बॅटरी काढली, अंगठ्याने खटका दाबला, आणि मातीच्या तोंडाशी धरली. भर दुपारी. पाणी कुठवर आले ते पाहण्यासाठी. उजेड कुठेच पडला नाही. उन्हाने तो गिळला. आप्पांनी निवांतपणे दार बुजवले, दुसरे फोडले, आणि सरळ झाले. बॅटरी हातात तशीच होती.

विरेशला हसू आले नाही. त्याच्या स्वतःच्या हाताला ती हालचाल ओळखीची होती.

"आप्पा," तो म्हणाला, आणि थांबला. हळू बोलायचे कारण नव्हते. जवळपास कोणी निजलेले नव्हते. "आप्पा, बॅटरी लावलीत तुम्ही!"

आप्पांनी हाताकडे पाहिले. मग आभाळाकडे. "व्हय की," ते म्हणाले, आणि मग दोघेही हसले, आप्पा जास्त. हसता हसता त्यांनी खटका चाचपला आणि ती पोराकडे दिली. "धर. तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. मला आता काय करायची? तेवढी मोटार बंद करून ये, ही शेवटची सरी."

विरेशने ती सदऱ्याच्या खिशात टाकली. दांडीवर आप्पांच्या बोटांनी घासून गुळगुळीत झालेली जागा होती. ती उन्हाने ऊबदार लागत होती. तो बांधावरून विहिरीकडे गेला, मोटारीच्या खोलीचे पत्र्याचे दार ढकलून आत शिरला. बाहेरच्या झळाळीनंतर आत काहीच दिसेना. त्याने स्टार्टरचे लाल बटण चाचपून दाबले. घरघर हळूहळू उतरत गेली आणि थांबली, आणि त्या शांततेत त्याला उमगले, की भिंत दिसते आहे. मग बटण दिसले, कोपऱ्यातले जाळे दिसले, स्वतःचा हात दिसला. त्याने खाली पाहिले. खटका पुरता दाबला गेला नव्हता. सदऱ्याच्या कापडातून, छातीच्या डाव्या बाजूला, उजेडाचा एक लहानसा गोल जळत होता.